गाडी विकता, मग ओळख कोण करून देणार?

गोव्यात दुचाकी ही चैन कधीच नव्हती. वाड्यावरून बाजारात, बाजारातून कचेरीत, तिथून देवळातल्या आरतीला आणि रात्री शेजारच्या गावातल्या नाटकाला जायचे तर बसची वाट पाहण्यात अर्धे आयुष्य जाईल. काळोख पडल्यावर आतल्या गावाची बस मिळणे म्हणजे नशीबच! म्हणून तर पिवळ्या मडगार्डचा मोटरसायकल पायलट आपल्याकडे रुजला आणि घरटी एक तरी दुचाकी आली.

अशा या गोव्यात आता विजेवरची दुचाकी येऊ लागली आहे. हिरव्या नंबरप्लेटवर पांढरी अक्षरे दिसली की ओळखावे. तिच्याबरोबर दोन पक्षही आले आहेत. एक पक्ष म्हणतो, ‘कितें रे, खेळणें हाडलें?’ दुसरा पक्ष म्हणतो, ही घेतली की पर्यावरण वाचलेच. या दोघांशीही माझे भांडण आहे. पण त्याहून मोठे भांडण आहे ते गाडी आपल्या गळ्यात मारून मोकळे होणाऱ्यांशी आणि त्यांच्या विक्रीच्या आकड्यांवर खूश असणाऱ्या सरकारशी.

आधी खेळणे म्हणणाऱ्यांचे पाहू. ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी, २५० वॅटपर्यंतच्या मोटरची जी गाडी असते, तिला कायदा मोटार वाहनच मानत नाही. तिला नोंदणी नको, परवाना नको. लोक ती पाहतात आणि सगळ्याच विजेच्या गाड्यांना एका माळेत ओवतात. नोंदणी लागणारी गाडी वेगळी. ती पर्वरीची चढण दोघांना घेऊन कुरकुर न करता चढते. आणि आपली अंतरे तरी केवढी? पणजी ते म्हापसा तेरा किलोमीटर, पणजी ते मडगाव तेहतीस-चौतीस. उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत आख्खा गोवा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. या गाडीला याहून सोयीचा प्रदेश शोधून सापडायचा नाही.

खर्चाचा हिशेबही करून टाका. माझ्या गाडीची बॅटरी तीन युनिटांची. भिंतीतून ओढताना थोडी वीज वाया जाते, म्हणून साडेतीन धरा. पाच रुपये युनिट म्हटले तरी साडेसतरा रुपयांत ती ८५ किलोमीटर जाते. पंचेचाळीसच्या ॲव्हरेजची पेट्रोल स्कूटर आणि शंभर रुपये लिटर पेट्रोल धरले तर तेवढ्याच अंतराला एकशेनव्वद रुपये. हे खेळणे असेल तर असे खेळणे परवडते बुवा!

आता पर्यावरणवाले. गोव्यात आपल्या गरजेची वीज तयार होत नाही. कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा दूरच्या औष्णिक केंद्रांतून ती येते, म्हणजे मुख्यतः कोळशातून. ज्या गोव्याने २०२० साली मोले वाचवण्यासाठी आणि कोळशाच्या वाहतुकीविरुद्ध आवाज उठवला, जंगलातून जाणारी तमनारची वीजवाहिनी नको म्हटले, त्या गोव्याने ‘माझ्या गाडीचा धूर शून्य’ असे छाती फुगवून सांगू नये. धूर आहे, फक्त तो आपल्या अंगणात नाही, छत्तीसगडातल्या कुणाच्या तरी अंगणात आहे. तरीही हिशेब या गाडीच्याच बाजूने पडतो. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ८५ किलोमीटरला अडीच किलो होतो. पेट्रोल स्कूटर तेवढ्यात साडेचार किलोच्या आसपास सोडते. बॅटरी घडवताना जे प्रदूषण होते ते वेगळे. म्हणजे फरक आहे आणि तो घेण्यासारखा आहे. पण पुण्य पदरात पडल्याचा आव आणण्याएवढा नाही.

मग माझी तक्रार काय? तक्रार अशी की ही गाडी विकली जाते, पण तिची ओळख कुणी करून देत नाही.

जुनी स्कूटर आठवा. सुरू होत नसली की ती एका बाजूला कलती करायची, प्लग काढून घासायचा, चोक ओढायचा, पेट्रोल संपत आले की कॉक रिझर्व्हवर न्यायचा. हे आपल्याला कुठल्या कंपनीने शिकवले? वडिलांनी शिकवले, शेजाऱ्याने शिकवले, नाक्यावरच्या मेकॅनिकने चार शिव्या घालून शिकवले. ते शहाणपण पन्नास वर्षांत गावागावांत मुरले होते. नव्या गाडीच्या बाबतीत ते शहाणपण अजून कुणाकडेच नाही. वडिलांकडे नाही, शेजाऱ्याकडे नाही, मेकॅनिककडेही नाही. ते आहे फक्त विकणाऱ्याकडे, आणि तो गप्प आहे.

माझी गाडी ताब्यात देताना शोरूममधल्या मुलाने वीस मिनिटे दिली. त्यातली पंधरा मिनिटे फोन गाडीला कसा जोडायचा, पडद्यावर गाणे कसे बदलायचे, यात गेली. उरलेल्या पाचांत पेढा, हार आणि फोटो! घरात अर्थिंग आहे का, हा एक प्रश्न त्याने विचारला नाही.

हा प्रश्न गोव्यात किती महत्त्वाचा आहे पाहा. आपली जुनी घरे, त्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे वायरिंग. तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तार असतेच असे नाही. असली तरी जांभ्याच्या जमिनीत पुरलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कोरडे पडून नावापुरते उरते. त्याच सॉकेटवर चार-पाच तास चार्जर तापत राहणार. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, एवढे सांगायला किती वेळ लागतो?

दुसरी गोष्ट पावसाची. बॅटरीला ‘आयपी ६७’ दर्जा आहे, असे अभिमानाने सांगतात. त्याचा अर्थ ती एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. पण ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली असते. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याची ती चाचणी नव्हे. सर्व्हिसिंगच्या नावाखाली जोराच्या फवाऱ्याने गाडी धुण्याचीही नव्हे. मिरामारच्या नाहीतर कोलव्याच्या हवेत रोज उभ्या राहणाऱ्या गाडीचे जोड मिठाने गंजतात. चार्जिंगचे तोंड कोरडे ठेवा, जोड अधूनमधून तपासून घ्या, हे कोण सांगणार?

तिसरी गोष्ट बॅटरीच्या स्वभावाची. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नये, अर्धा-पाऊण तास निवू द्यावी. रोजच्या वापराला वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवली तर ती जास्त वर्षे टिकते. महिनाभर बाहेरगावी जायचे तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये, निम्मी ठेवावी. त्यातही लोहयुक्त एलएफपी आणि निकेलयुक्त एनएमसी हे दोन निराळे प्रकार, दोघींचे आयुष्य निराळे. आपल्या गाडीत कुठली आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. २०२२ साली देशात विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. यंत्रासाठी नियम आले ते चांगलेच झाले, पण वापरणाऱ्याला मात्र कुणी काही शिकवले नाही.

आणि रेंज! कागदावर १२० किलोमीटर छापलेले असतात. ते चाचणीच्या ठरावीक चक्रातले. मागे बायको, पुढे बाजाराची पिशवी, वाटेत सड्यावरची चढण, की झाले ८५. कागदावरच्या आकड्यावर विसंबून कुणी काणकोणला निघाला तर परतीच्या वाटेवर गाडी ढकलताना त्याला या आकड्याचा अर्थ कळेल. उलट उतारावर मूठ सोडली की मोटर उलटी चालून थोडी वीज परत देते. पहिल्या पावसात ओल्या लाल मातीवर मात्र या गाडीची मूठ जपूनच पिळावी लागते, कारण तिचा जोर पहिल्या क्षणालाच पुरता येतो. तिला आवाज नसतो, त्यामुळे वाड्यावरची म्हातारी माणसे बाजूला होत नाहीत. हे सारे महिना-दोन महिन्यांत हळूहळू कळत जाते. पण दरेकाने पडून-झडूनच का शिकायचे?

शोरूमवाले म्हणतील, माहितीपुस्तिका दिली आहे की! दिली आहे ना. ती इंग्रजीत आहे, पडद्यावरचे इशारेही इंग्रजीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी व्यवहारात स्थान मिळाले. त्यावरून आपण किती वर्षे भांडलो! पण सत्तरीतल्या मराठी वाचणाऱ्या माणसाच्या घरात आग लागू नये म्हणून जो इशारा छापायचा, तो ना मराठीत ना कोकणीत. भाषेचे प्रेम सभेत दाखवायचे आणि जिथे भाषेवाचून जिवाला धोका आहे तिथे गप्प बसायचे, असा हा आपला अभिमान!

शेवटी मेकॅनिक. गावातल्या गॅरेजवाल्याने या गाडीला हात लावला तर वॉरंटी गेली, असे बजावले जाते. बॅटरी कुणीही उघडू नये हे शंभर टक्के मान्य. पण ब्रेक, बेअरिंग, टायर, शॉकॲब्सॉर्बर यांत असे काय गुपित आहे? बिघाड काय आहे हे सांगणारे सॉफ्टवेअर कंपनीच्या कुलपात. पेडण्याच्या माणसाने त्यासाठी पणजी गाठायची. आणि कंपनीच बुडाली तर? जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्समधली व्हॅनमूफ ही विजेच्या सायकली बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या सायकली मोबाइल ॲपवर चालायच्या. आपलीच सायकल आपल्याला उघडता येईल की नाही या धास्तीने ग्राहकांची धावपळ उडाली. शेवटी एका प्रतिस्पर्धी कंपनीनेच त्या किल्ल्या वाचवणारे ॲप काढले! आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून समिती नेमली, त्यात वाहनेही धरली, डिसेंबरात पोर्टलही काढले. पण पोर्टलने नाक्यावरच्या गॅरेजवाल्याचे पोट भरत नाही.

सरकार काय करते? अनुदानाचा दर बदलते. फेम योजनेचे अनुदान जून २०२३ मध्ये कापले, मार्च २०२४ मध्ये ती योजना संपली, ऑक्टोबर २०२४ मध्ये पीएम ई-ड्राइव्ह आली. गोव्यात जुलै २०२३ मध्ये घोषणा झाली की जानेवारी २०२४ पासून पर्यटकांसाठीची नवी वाहने विजेवरचीच असतील. घोषणा पर्यटकांसाठी! दोन दिवसांचा पाहुणा, ज्याला अनमोड घाट कुठे ते ठाऊक नाही, त्याच्या हाती ही गाडी आधी द्यायची, आणि वीस वर्षे गॅरेज चालवणाऱ्या आपल्या माणसाला ती उघडायला शिकवायचे मात्र कुणाला सुचले नाही.

माझे मागणे मोठे नाही. गाडी देताना तासभर ओळख करून देणे सक्तीचे करा. बॅटरीचे इशारे मराठीत आणि कोकणीत छापा. आयटीआयमध्ये गावच्या मेकॅनिकांसाठी संध्याकाळचे वर्ग काढा आणि तिथे शिकलेल्याचा हात लागला तर वॉरंटी जाणार नाही, असे कंपन्यांकडून लिहून घ्या.

आणि हे होईपर्यंत, वाचकहो, पैसे मोजण्याआधी तुम्हीच विचारा. बॅटरी कुठल्या प्रकारची? वॉरंटी किती वर्षांची, आणि क्षमता किती टक्क्यांवर आली तर बदलून मिळणार? वॉरंटी संपल्यावर नव्या बॅटरीची किंमत काय? फोन नसताना गाडी चालते का? सर्वांत जवळचा शिकलेला मेकॅनिक कुठे? या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मागा. देता येत नसतील तर हार-पेढे तिथेच ठेवून बाहेर पडा. लाख-सव्वा लाख तुमचे जाणार आहेत, त्यांचे नव्हे.