परक्या भाषेतले साल, परक्या भाषेतले घर

१९४८ पूर्वी केदारखेड्यात एकाच दिवसाला दोन साले होती. घरच्या पंचांगात शके, सरकारी दप्तरात फसली. भोकरदनचा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. तेथील फसली सन इसवीपेक्षा सुमारे ५९० वर्षे मागे चाले आणि त्याचे महिने आजूर, दय, बहमन अशा इराणी नावांचे असत. शेत कोणाचे, सारा किती, हे पूर्णाकाठच्या कुणब्याच्या बोलीत ठरत नसे. ते दरबारच्या भाषेत आणि दरबारच्या काळात ठरे.

कुणब्यावर ती भाषा लादलेली होती. पण लेखकच जेव्हा मोठ्या शेजाऱ्याची भाषा आपली म्हणून हाती घेतो, तेव्हा त्याचा काळ कोणता आणि गाव कोणते?

१९७५ साली अल्माअता येथे ओल्झास सुलेमेनोव्ह या कझाक कवीचे ‘अझ इ या’ हे पुस्तक रशियनमध्ये प्रसिद्ध झाले. ‘अझ’ म्हणजे जुन्या स्लाव्ह भाषेतला ‘मी’, ‘या’ म्हणजे आजच्या रशियनमधला ‘मी’. दोन्ही जोडून उच्चारले की रशियन कानाला ‘आशिया’ ऐकू येते. दोन काळ आणि एक खंड, सारे शीर्षकातच! रशियनांच्या मानबिंदू असलेल्या मध्ययुगीन इगोर-काव्यातील दुर्बोध जागा तुर्की भाषा जाणणाऱ्यालाच उलगडतात, असा त्यांचा दावा. त्यांच्या व्युत्पत्ती अनेकदा ओढूनताणून आणलेल्या आहेत, हे मान्य करावे लागते. परंतु १९७६ मध्ये मॉस्कोच्या विद्वानांनी जी झोड उठवली आणि पुस्तक वितरणातून काढले गेले, त्याचे कारण केवळ व्युत्पत्ती नव्हे. रशियनांचा भूतकाळ रशियनमध्येच, पण गवताळ प्रदेशात उभे राहून वाचला गेला, हे सलत होते.

मराठी माणसाला हे दूरचे वाटू नये. गजानन माधव मुक्तिबोध यांच्या घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. आईवरच्या छोट्या निबंधात ते तिच्या वाचनाविषयी सांगतात. त्या घरात हरि नारायण आपटे आणि प्रेमचंद शेजारी-शेजारी नांदतात. मध्ये भाषेची भिंत नाही. ‘एक साहित्यिक की डायरी’मधील ‘तीसरा क्षण’ या निबंधात तर काळ हाच विषय. अनुभवाचा उत्कट क्षण, मग तो आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून कल्पनारूप घेतो तो क्षण, आणि तिसरा शब्दांत उतरण्याचा. ही विभागणी ज्याला मनातले दुसऱ्या भाषेत न्यावे लागते त्यालाच सुचावी, असा तर्क करण्याचा मोह होतो. पुरावा मात्र नाही.

इतिहासाला हात लावताच मुक्तिबोधांचेही तेच झाले. शालेय वाचनासाठी लिहिलेल्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या त्यांच्या पुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. मोठ्या भाषेत कविता खपते. तिचा भूतकाळ सांगू लागलात की तुमचे घर विचारले जाते.

आणि मराठी जग? ‘मुक्तिबोध मूळचे आपलेच’ एवढे म्हणून ते मोकळे होते. हा अभिमान फुकटचा आहे. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या त्यांच्या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच घरातल्या या दोघांचे निबंध मराठीच्या एकाही तासाला समोरासमोर ठेवून वाचले जाऊ नयेत, यात हिंदीचा काही दोष नाही.