टाळ्या केव्हा वाजवाव्यात?

बर्फावर स्केटिंग करणाऱ्या खेळाडूने एकदा उडी घेतली, की त्याला हवेत कोनीय संवेग वाढवता येत नाही. हात छातीशी घेऊन गिरकीचा वेग तेवढा वाढवता येतो. ‘अ‍ॅक्सेल’ उडीत पुढे तोंड करून उडायचे व मागे तोंड करून उतरायचे. म्हणून चौपट अ‍ॅक्सेलमध्ये गिरक्या साडेचार आणि वेळ सेकंदाहूनही कमी!

जपानच्या युझुरू हान्यूने २०१४ व २०१८ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. २०२२ साली बीजिंगला त्याने ही उडी घेतली. स्पर्धेत ती तोवर कोणालाच साधली नव्हती. गिरकी अपुरी राहिली, तो पडला व चौथा आला.

‘सुवर्णच हवे’ हा चाहत्यांचा धोशा खेळाडूच्या मनावरचे ओझे वाढवतो. संवेग कणभरही वाढवत नाही. उडी किती अवघड आहे हे ज्याला कळते, तो पडलेल्या खेळाडूलाही टाळी देतो. २०२३ च्या फेब्रुवारीत टोकियो डोममध्ये हान्यूचा एकट्याचा कार्यक्रम पाहायला सुमारे ३५ हजार लोक जमले. तेथे ना गुण होते, ना पदक. चाहते असावेत तर असे!