आकडा मोठ्यानं बोला

साठ हजार.

हा माझा आकडा. आधी तो सांगतो, मग पुढचं. कारण या आकड्यानं दोन वर्षं माझी मान खाली ठेवली. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहतो, रात्रपाळ्या करतो, अधूनमधून कविता लिहितो. कवितेत मी व्यवस्थेला काडी लावतो. आणि खिशात मोबाईल वाजला की मुतारीच्या आडोशाला जाऊन हळूच म्हणतो, "साहेब, पगार झाला की टाकतो." असला मी विद्रोही.

क्रेडिट कार्ड मागायला मी कुणाच्या दारात गेलो नव्हतो. गिरणीच्या गेटवर छत्री लावून एक टायवाला पोरगा बसला होता. तोही आपल्यातलाच, कमिशनवर राबणारा. आधार घेतलं, पगाराची स्लिप घेतली, सही घेतली. माझ्या बापाला याच पत्त्यावर एका बँकेनं कर्ज दिलं नव्हतं. साहेबानं वस्तीचं नाव वाचलं आणि फॉर्म बाजूला सरकवला. त्याच पत्त्यावर मला कार्ड घरपोच आलं. मला वाटलं, समता आली.

आता हिशेब ऐका. अडतीस हजार मायच्या ऑपरेशनला. बारा हजार मोबाईलला. उरलेले दहा हजार व्याज आणि दंड. झाले साठ.

पेपरात लिहिणारे अर्थतज्ज्ञ म्हणतात, गरजा कमी करा, शिस्त लावून घ्या. त्यांना माझा सवाल आहे. मायच्या पोटातली गाठ ही माझी हौस होती काय? आणि मोबाईलचं म्हणाल तर पाळी बदलल्याचा निरोप मोबाईलवर येतो, हजेरी मोबाईलवर लागते, पगाराचा मेसेज मोबाईलवर येतो. मोबाईल नसला तर खाडा. आमचं दुःख अनावश्यक खर्चात मांडायचा अधिकार यांना कुणी दिला?

पण दोस्तांनो, त्यांना शिव्या देऊन माझे साठ हजार फिटले नाहीत. म्हणून मी बिल घेऊन बसलो. आठवी नापास माणूस, पण गुणाकार येतो. गिरणीत कटलेले पैसे मोजून मोजून शिकलो.

माझ्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के. साठ हजारावर २,१०० रुपये व्याज. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ३७८. एकूण २,४७८. आणि बिलावर ठळक अक्षरात काय छापलंय? मिनिमम भरा, फक्त ३,००० रुपये. बाकीच्या पाच टक्के. मी म्हणायचो, बरं झालं, तीन हजारात सुटलो. सुटलो कुठं? तीन हजार भरले आणि मुद्दल कमी झालं ५२२ रुपयांनी!

असंच मिनिमम भरत गेलो, कार्डावर नवी काडीही घेतली नाही, तर साठाचे तीस हजार व्हायला साडेसहा वर्षं लागतात. तेवढ्यात माझ्या हातून जातात सुमारे १,७२,००० रुपये. फिटले किती? तीस हजार. आणि नवं काही घेतलं तर? पूर्ण बिल भरलेलं नसलं की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. कार्डावर रोख काढली तर बिल पूर्ण भरा की नका भरू, व्याज त्याच दिवशी सुरू.

आपले आजे-पणजे सावकाराच्या ओट्याखाली उभे राहायचे. अंगठा उठवायचे आणि घर, बैल, बायकोची डोरली घालवून बसायचे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यात ही लूट उघडी केलेली आहे. पण त्या काळातसुद्धा दामदुपटीचा नियम होता. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. आज महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. परवान्याच्या सावकारानं शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज दिलं तर वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर व्याज घ्यायचं नाही. म्हणजे साठ हजाराला महिन्याला ९०० रुपये. कार्डवाला घेतो २,४७८. तरी सावकार तो सावकार, आणि हा वित्तीय सेवा देणारा!

कुणी म्हणेल, वस्तीतला बिनपरवान्याचा सावकार शेकडा दहा घेतो महिन्याला, त्यापेक्षा कार्ड बरं की. व्हय, मीही हेच म्हणून फसलो. नागाच्या तोंडातून सुटून अजगराच्या विळख्यात गेलो. नाग लगेच मारतो, अजगर सावकाश.

कायदा कुणासाठी कसा वाकतो तेही बघा. १९७५ साली महाराष्ट्र सरकारनं वटहुकूम काढून लहान शेतकरी, मजूर, कारागीर, कामगार यांची सावकारी कर्जं रद्द केली. १९७६ ला त्याचा कायदा झाला. सावकार सुप्रीम कोर्टात गेले आणि १९७७ ला तिथं हरले. पण त्या कायद्यातून बँका वगळलेल्या होत्या. मग १९८४ साली बँकिंगच्या कायद्यात २१-अ कलम घातलं. बँकेचं व्याज जास्त आहे म्हणून कोर्टानं तो व्यवहार पुन्हा उघडायचा नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगानं म्हटलं, कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ ला, सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला. म्हणजे सावकाराला लगाम आणि बँकेला मोकळं रान.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातनं कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले. आज काय जाळणार? रोखा मोबाईलमध्ये आहे. मोबाईल जाळला तरी आकडा कुठल्यातरी यंत्रात वाढतच राहतो. जाळता येत नसेल तर वाचा तरी! आणि मोठ्यानं वाचा. मला सांगायचंय ते हेच.

कारण व्याजाच्या वर आणखी एक व्याज आपण भरतो. लाजेचं. वसुलीवाल्यानं माझ्या सुपरवायझरला फोन लावला. सगळ्या खात्यासमोर सुपरवायझर म्हणाला, "तुमच्या लोकांना उधारी जमते, फेडायला नको." मी गप्प. जातीवरून कुणी बोललं तर कॉलर धरणारा मी, त्या दिवशी गप्प. कारण मला वाटलं, थकबाकी माझी आहे, म्हणजे शिवीही माझीच आहे. हीच ती जुनी शिकवण. तुझं दारिद्र्य तुझ्या कर्माचं. मनुस्मृती १९२७ ला महाडला जाळली. तिची राख बिलावर पडलेली मला दिसली नाही.

या शहरानं विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ सोळा वर्षं रस्त्यावर काढली. माणसं मेली, घरं जळाली, आवाज खाली आला नाही. आणि त्यांचीच पोरं आपण. घरातला कर्जाचा आकडा बायकोला सांगताना आपला घसा बसतो.

एका पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. म्हणालो, माझ्यावर साठ हजार आहेत, कार्डाचे. पाय लटपटत होते. कुणी हसलं नाही. बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग रिक्षावाले मामा म्हणाले, "माझे ऐंशी. ॲपचे." मग धुणीभांडी करणारी मावशी बोलली. गटाचे तीन हप्ते, एक फेडायला दुसरा घेतलेला. मग माझा चुलतभाऊ बोलला. आम्ही एका घरात जेवतो आणि मला माहीत नव्हतं.

तिथंच भिशी ठरली. वीस जण, महिन्याला तीन हजार. चिठ्ठी काढायची नाही. ज्याचं व्याज सगळ्यात जाळतं त्याचा नंबर आधी, ज्याला कर्ज नाही तो शेवटी. पैसे घेऊन पळणारेही आपण पाहिलेत, म्हणून वही विहारात ठेवायची आणि दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचायची. ज्यांच्या ॲपचं व्याज माझ्याहून जास्त होतं त्या चौघांनी आधी उचल घेतली. पाचव्या महिन्यात मला साठ हजार मिळाले. तेच तीन हजार, जे मी मिनिमम म्हणून भरत होतो. तिथं साडेसहा वर्षांत निम्मं फिटणार होतं, इथं वीस महिन्यांत सगळं.

मधल्या चार महिन्यांचं मिनिमम ओव्हरटाइम करून भरलं. साठ टाकल्यावरही पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं व्याज आलं, तेही भरलं. मग कार्ड बंद करायचा लेखी अर्ज दिला आणि बाकी नसल्याचा कागद मागून घेतला. रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे, बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर बँकेनं दिवसाला ५०० रुपये द्यायचे. वसुलीवाल्यानं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, हेही नियमात आहे. फोन आला तर नाव विचारा, वेळ लिहा, तक्रार बँकेत लेखी द्या. तिथं दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. मुतारीच्या आडोशाला जाऊ नका.

भिशीनं क्रांती होत नाही हे मला कळतं. वीस माणसं सुटतात, गेटवर छत्री तशीच राहते. म्हणून मागणी साफ आहे. जो लगाम सावकाराला तोच कार्डाला आणि ॲपला. दामदुपटीच्या वर एक पैसा नाही. निवडणुकीत मतं मागायला येतील त्यांना विहाराच्या पायरीवर हेच विचारा.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आपण त्यांच्या फोटोखाली बसतो आणि स्वतःचं बिल उलटं करून ठेवतो. बुद्धानं अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यातलं एक अनणसुख, कुणाचं ऋण नसण्याचं सुख. बुद्धानं ते संसार करणाऱ्या माणसाला सांगितलंय, म्हणजे तुम्हाला आणि मला.

माझे भिशीचे अकरा हप्ते भरून झाले, नऊ राहिलेत. ते मी भरणार, कारण माझ्यामागं पंधरा माणसांचा नंबर होता आणि त्यातले नऊ अजून थांबलेत.

आता तुमचा आकडा बोला.