जनुक-चाचणीआधी घराण्याची चौकशी

जनुकांच्या तपासणीवरून स्तनाच्या कर्करोगाचा धोका वर्तवण्याची सोय आता खासगी प्रयोगशाळांत पैसे मोजून मिळते. चिकोडी-निपाणीच्या सीमाभागातील स्त्रीला मात्र तिचा उपयोग किती, हे पाहिले पाहिजे. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजारांवर स्त्रिया दगावल्या.

या आजारात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा वाटा निर्विवाद आहे. पाळी लवकर सुरू होणे, उशिरा थांबणे, मुले कमी होणे यांमुळे धोका वाढतो. ४७ अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे धोका ४.३ टक्क्यांनी घटतो. साहजिकच, संप्रेरक घडवणाऱ्या जनुकांतच आजाराचे मूळ सापडेल, असे संशोधकांना वाटले. सीवायपी-१७ या जनुकाकडून मोठ्या अपेक्षा होत्या. मोठ्या अभ्यासांत त्या टिकल्या नाहीत. सीवायपी-१९ मधील काही बदलांमुळे पाळी थांबलेल्या स्त्रियांत इस्ट्रोजेन १० ते २० टक्क्यांनी वाढते, असे २००७ मध्ये दिसले. पण त्या बदलांमुळे कर्करोगाचा धोका वाढल्याचे आढळले नाही.

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ यांची गोष्ट निराळी. पेशीतील डीएनएची दुरुस्ती हे त्यांचे काम. बीआरसीए-१ मध्ये घातक दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के असते. परंतु असे आनुवंशिक रुग्ण एकूण रुग्णांच्या ५ ते १० टक्केच. उरलेल्यांसाठी शेकडो सूक्ष्म बदलांची बेरीज करणारे धोका-गुणांक निघाले आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला ३१३ बदलांचा गुणांक युरोपीय वंशाच्या स्त्रियांच्या माहितीवर बेतलेला आहे आणि संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या गाठींचा अंदाज तो अधिक चांगला वर्तवतो. भारतात सुमारे ३० टक्के गाठी संप्रेरकांना प्रतिसाद न देणाऱ्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारच्या असतात. म्हणजे परक्या मापाने शिवलेला हा अंगरखा येथे नीट बसेलच असे नाही.

त्यापेक्षा मोलाची आणि फुकट मिळणारी माहिती घरातच असते. बीआरसीएचा दोष आईइतकाच वडिलांकडूनही येतो; म्हणून मावशीइतकीच आत्याही महत्त्वाची. प्रत्यक्षात चौकशी बहुधा आईपाशीच थांबते. सीमाभागात ती आणखी विस्कटते: माहेर कागल-गडहिंग्लजकडे, सासर चिकोडीत, एकीचे उपचार कोल्हापूर-मिरजेला, दुसरीचे बेळगावला, कागदपत्रे दोन राज्यांची. तीन पिढ्यांचा आजार एका कागदावर येणे दुर्मीळच.

शासकीय योजनाही याच रेषेवर अडखळतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्यावर कर्नाटकने आक्षेप नोंदवला. मालकीच्या या वादात रुग्णाची सोय मागे पडते. शिवाय विमा आजार झाल्यावर कामी येतो. आजार वेळीच ओळखण्याचे काम त्याने होत नाही.

ते काम कसे होते, हे मुंबईने दाखवले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर सुमारे २० वर्षे चालवलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केलेल्या तपासणीमुळे गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या. ५० वर्षांवरील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही. घराण्यात आजार असलेल्या तरुण स्त्रीला वेगळ्या मार्गदर्शनाची गरज भासते ती यामुळेच. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी जेमतेम ०.९ टक्के स्त्रियांनीच स्तनांची तपासणी कधी करून घेतली होती.

गोव्याने २०२१ मध्ये ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या मोहिमेतून हातात धरता येणाऱ्या उपकरणाने एक लाख स्त्रियांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. अशा मोहिमांत प्रत्येक स्त्रीला आणखी दोन प्रश्न विचारता येतील: आईच्या आणि वडिलांच्या घराण्यात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला, आणि कोणत्या वयात? उत्तर चिंताजनक असेल तर जनुकीय समुपदेशन आणि मग चाचणी, हा क्रम योग्य. चिकोडीच्या आशा कार्यकर्तीच्या वहीतही हे दोन रकाने सहज मावतील.