घड्याळांचा छंद : चैन की हक्क?

आंबेडकरी चळवळीत वाढलेल्या शिक्षकाने मनगटी घड्याळे जमवावीत काय, असा प्रश्न आमच्याच काही स्नेह्यांनी आम्हांस अनेकदा विचारला आहे. समाजातील कितीतरी घरांत अजून वह्या-पुस्तकांची भ्रांत असताना एका मनगटाला एकाहून अधिक घड्याळे कशाला, हा त्यांचा आक्षेप. आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. त्यासाठी या स्मरणिकेहून योग्य जागा आम्हांस दिसत नाही. कारण पहाटेच्या वंदनेपासून रात्रीच्या अभ्यासापर्यंत घंटेवर चालणाऱ्या निवासी शाळेतच वेळेची किंमत कळते.

प्रथम हिशेब मांडू. आमच्या संग्रही सात घड्याळे आहेत. वडिलांचे ‘एच.एम.टी. जनता’, काळ्या तबकडीचे ‘पायलट’, एक चपटे ‘सोना’, हैदराबादच्या ‘ऑल्विन’चे एक, सेलवर चालणारे जुने ‘टायटन’ आणि दोन किरकोळ. सातांची मिळून किंमत एका साध्या मोबाइलइतकीही भरणार नाही. बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा देण्यास सांगितले. तो बाजूला काढून व घरखर्च भागवून जे उरते, त्यात हा छंद बसतो.

परंतु प्रश्न केवळ पैशाचा नाही. आपल्या पूर्वजांचा वेळ कोणाच्या मालकीचा होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरता कामा नये. वतनदार महाराला कामाचे ठरावीक तास नव्हते. दिवसा वा रात्री केव्हाही बोलावणे येई. तो घरी नसेल तर घरातील दुसऱ्याला जावे लागे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडताना बाबासाहेबांनी याच गुलामगिरीवर बोट ठेवले. आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी त्याच्या दहा वर्षे आधी, १९१८ साली, महार वतने रद्द केली होती. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कारखाना कायद्याची दुरुस्ती मांडली आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. ज्या समाजाला स्वतःचा तास नव्हता, त्याच्या वाट्याला छंद कुठून येणार? छंदाला फावला वेळ लागतो, आणि तो आपल्याला मोठ्या झगड्यानंतर मिळाला आहे. ग्रंथ, फाउंटन पेन आणि नीटनेटका पोशाख यांची आवड स्वतः बाबासाहेबांनाही होती. त्यांच्या अनुयायांनी साध्या आनंदाचीही लाज बाळगावी, हे आम्हांस पटत नाही.

‘एच.एम.टी.’ने १९६१ साली जपानच्या ‘सिटिझन’ कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळे बनविण्यास प्रारंभ केला. सार्वजनिक क्षेत्रातील या कारखान्यांमुळे मनगटी घड्याळ शिक्षक, कारकून, कामगार यांच्या आवाक्यात आले. नोकरी लागली, मॅट्रिक झाले, लग्न ठरले की घड्याळ घरात येई. आमच्या वडिलांनी पहिल्या पगारातून थोडे थोडे साठवून ‘जनता’ घेतले. मनगटावर घड्याळ असलेल्या माणसाला ‘किती वाजले?’ असे विचारताना गावालाही थोडे आदराने बोलावे लागे. २०१६ साली केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. घड्याळे मात्र अजून चालतात.

या घड्याळाचे मागचे झाकण उघडून आम्ही विद्यार्थ्यांना आतले यंत्र दाखवितो. चावी दिली की स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडू लागते, दातेरी चाके फिरतात, एक नाजूक चक्र मागेपुढे झुलते आणि सेकंदाला पाच ठोके पडतात. घर्षण कमी व्हावे म्हणून सतरा ठिकाणी कृत्रिम माणकांचे खडे बसविलेले असतात. एकदा चावी दिली की साधारण दीड दिवस निभावतो. कारणाशिवाय कार्य नाही, हा भगवान बुद्धांचा विचार मुलांना फळ्यापेक्षा इथे लवकर उमगतो.

तथापि छंदाला कुंपण हवे. धम्मात अल्पेच्छता आणि संतुष्टी यांना मोठे स्थान आहे. म्हणून आम्ही नियम केला आहे : घड्याळे सातच. आठवे आले, तर आधीचे एक नोकरीला लागलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या मनगटावर जाते. सातही आळीपाळीने वापरली जातात. नुसते कपाटात पडून राहिलेले घड्याळ आम्हांस मान्य नाही. तृष्णा आणि आवड यांतील फरक इथे रोज तपासावा लागतो.

माजी विद्यार्थी व पालकांना एक विनंती. घरातील वडीलधाऱ्यांचे बंद पडलेले घड्याळ भंगारात घालू नका. कोल्हापुरात चावीची घड्याळे उघडणारे जुने घड्याळजी अजून आहेत. त्यांच्याकडून ते साफ करून तेल घालून घ्या. बाजारात ‘जुने एच.एम.टी.’ म्हणून मिळणारी झगमगीत रंगांची घड्याळे घेताना जपा. त्यांतील अनेकांच्या तबकड्या नव्याने रंगविलेल्या आणि आतले भाग निरनिराळ्या घड्याळांतून जुळविलेले असतात. आणि घड्याळ दुरुस्त झाल्यावर ते कधी, कोणत्या पैशातून, कशासाठी घेतले, हे घरातील वृद्धांना विचारून तारखेसह लिहून ठेवा. आपल्या माणसांच्या पहिल्या पगाराची नोंद सरकारी दफ्तरात सापडणार नाही. ती आपणच करावयाची आहे, आणि सांगणारी माणसे आहेत तोवरच करावयाची आहे.