उडी मारली, पण कुमक कुठे आहे?

मागच्या महिन्यात मी नववीच्या वर्गाला निबंध दिला. विषय होता 'भविष्यातलं युद्ध'. वह्या तपासायला घेतल्या आणि पाचव्या-सहाव्या वहीनंतर माझ्या लक्षात आलं की सगळेजण एकच गोष्ट लिहीत आहेत. आकाशात एक मोठं यान. त्यातून काही शूर जवान खाली उडी मारतात. अंगात पातळ चिलखत, हातात एक बंदूक. खाली हजारो शत्रू. आणि शेवटच्या ओळीत झेंडा.

वर्गात विचारलं, "बाबांनो, हे जवान जेवणार काय? गोळ्या संपल्या तर? एखादा जखमी झाला तर त्याला नेणार कोण?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, हलकं असलं की फास्ट असतं. आणि हिंमत असली की झालं." सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण तेच वाक्य शिक्षककक्षात एका सहकाऱ्याच्या तोंडून, अगदी गंभीरपणे, ऐकलं तेव्हा हसू आलं नाही. ते म्हणाले, "अहो सर, मुलांचं बरोबर आहे. पुढच्या युद्धांत जडशीळ रणगाड्यांचं काय काम? चार धाडसी माणसं वरून टाकली की खेळ खलास."

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. मुलांविरुद्ध नाही.

मुलांना ही कल्पना कुठून मिळाली ते उघड आहे. पबजी बंद झाला तरी बीजीएमआय आला, आणि दोन्ही गेमची सुरुवात सारखीच. शंभर खेळाडू विमानातून रिकाम्या हाताने उडी मारतात आणि बंदूक खाली उतरल्यावर शोधतात. मुलांना वाटतं ही गेम बनवणाऱ्याची गंमत आहे. तर ऐका. २० मे १९४१ रोजी भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटावर जर्मन छत्रीधारी सैनिक जवळपास असेच उतरले. बहुतेकांच्या अंगावर पिस्तूल आणि हातबॉम्ब, बस्स. रायफली आणि मशिनगन वेगळ्या पेट्यांतून टाकलेल्या. खाली आल्यावर आधी पेटी शोधायची, मग लढायचं. पेट्या पडल्या उघड्या शेतांत, ऑलिव्हच्या बागांत. आणि खालचे लोक त्या शोधायला वेळ देत नव्हते. ब्रिटिश, न्यूझीलंडचे, ऑस्ट्रेलियाचे आणि ग्रीक सैनिक तर होतेच, गावकरीसुद्धा हाताला लागेल ते घेऊन धावून आले. त्या मोहिमेत जर्मनीचे जवळपास ४,००० जण ठार किंवा बेपत्ता झाले. गेममध्ये माणूस मेला की पुन्हा लॉबीत येतो. क्रीटमध्ये लॉबी नव्हती.

कुणी म्हणेल, पण क्रीट तर जर्मनीने जिंकलं! जिंकलं, आणि कसं ते पाहण्यासारखं आहे. मालेमेची धावपट्टी हातात आली आणि मग विमानांमागून विमानं उतरून ताजी फौज आली. उडीने धावपट्टी मिळाली आणि बेट मिळालं ते कुमकेने. एवढं होऊनही हिटलरने पुन्हा इतकी मोठी हवाई उडी घेतली नाही. गंमत अशी की त्याच्या शत्रूंनी त्याच क्रीटकडे पाहून आपापल्या हवाई तुकड्या वाढवल्या. त्यांना उडी दिसली, किंमत दिसली नाही.

रसद आणि कुमक. रसद फारसी, कुमक मूळची तुर्की, आणि हे दोन्ही शब्द मी उर्दूच्या तासालाही वापरतो आणि मराठीच्या तासालाही. मराठी माणसाला त्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली, मराठा फौज आणि दिल्ली यांच्या मधे तो येऊन बसला, आणि रसद तुटली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जी फौज लढायला निघाली ती उपाशी होती. तिच्यात हिंमत कमी होती असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग अवकाशातून उतरणाऱ्या जवानांचा विषय आला की आपण हा धडा का विसरतो?

चांगली विज्ञानकथा तो विसरत नाही. १९८६ चा जेम्स कॅमेरॉनचा 'एलियन्स' घ्या. बहुतेकांना त्यातले राक्षस आठवतात. मी तो शिक्षकाच्या नजरेने पाहतो आणि मला नियोजनाच्या चुका दिसतात. डझनभर सैनिक एका परग्रहावर उतरतात आणि वर कक्षेत मोठं यान उभं असतं, पण त्या यानावर एकही माणूस मागे ठेवलेला नसतो. त्यांचा लेफ्टनंट सिम्युलेटरमध्ये अडतीस वेळा उतरलेला आहे. खऱ्या लढाईसाठी उतरण्याची ही त्याची दुसरीच वेळ. आत शिरल्यावर कळतं की ते अणुभट्टीच्या शीतयंत्रणेखाली उभे आहेत, म्हणून त्यांच्याकडून काडतुसं काढून घेतली जातात. मग त्यांना न्यायला येणारं छोटं यान कोसळतं. मदत कधी येईल? सतरा दिवसांनी. त्या तुकडीतला एकच सैनिक जिवंत परततो, तोही जखमी होऊन. यात भित्रा कोण होता? सगळ्यांत जास्त ओरडणारा हडसनसुद्धा शेवटी लढतच मरतो. राक्षस यायच्या आधीच ती तुकडी हरलेली होती.

आता माझे सहकारी म्हणतील, हा सिनेमा झाला, भविष्यातलं तंत्रज्ञान हे सगळं सोडवेल. ठीक, मग थोडं विज्ञानाचंच बोलू.

पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत फिरणाऱ्या यानाचा वेग तासाला सुमारे २८,००० किलोमीटर असतो. खाली यायचं तर तो वेग हवेशी घर्षण करून घालवावा लागतो. त्यात कुपीभोवतीची हवा तापून पेटल्यासारखी होते आणि काही मिनिटं रेडिओ बंद पडतो. म्हणजे जो जवान 'गुपचूप' उतरणार असं आपण म्हणतो, तो अर्ध्या आकाशाला दिसणारी जळती रेघ ओढत येतो आणि त्या वेळी वरच्यांशी बोलूही शकत नाही. खालच्या तोफखान्याला याहून सोपं काय हवं?

मग वजन. रशियाच्या सोयुझ यानाची उतरणारी कुपी तीन माणसांसाठी सुमारे तीन टनांची आहे. माणशी एक टन, आणि त्यात बंदूकही नाही. चंद्रावर माणूस नेणारं सॅटर्न-५ रॉकेट उड्डाणाच्या वेळी सुमारे २,९०० टनांचं होतं आणि चंद्राच्या दिशेने त्याने पाठवलेला भार ४५ टनांच्या आसपास. आपला अर्जुन रणगाडा त्याहून जड आहे. म्हणजे अवकाशातून येणारी फौज हलकी असते ती लाचारीने. जड काही आणणं परवडत नाही म्हणून तिला हलकं ठेवलेलं असतं, आणि नंतर या लाचारीलाच 'चपळाई' असं नाव दिलं जातं. शिवाय जो खाली उतरला त्याला परत वर न्यायला तेवढंच मोठं रॉकेट खाली लागतं. ते कुणी आणलेलं नसतं. खाली बसलेल्या शत्रूकडे मात्र सगळं जड सामान असतं. खंदक, तोफा, गोदामं, पाणी, दवाखाना. त्याला काहीच उडवत आणावं लागत नाही.

चिलखताचं काय, असा प्रश्न हमखास येतो. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९५९ च्या 'स्टारशिप ट्रूपर्स' कादंबरीत प्रत्येक जवानाला यंत्रशक्तीचं चिलखत आहे. खरं आहे. पण हाइनलाइनने नेमकं काय केलं ते बघा. त्याने एका माणसाच्या अंगावर रणगाड्याची ताकद चढवली. म्हणजे त्याचा जवान हलका राहिलाच नाही. पहिल्या प्रकरणात ते शहरावर उतरतात ते धाड घालायला, ठाण मांडायला नाही. ठरलेल्या वेळी त्यांना उचलायला यान येतं. आणि एवढी तयारी असूनही त्याच कादंबरीत क्लेंडाथू ग्रहावरचा मोठा हल्ला फसतो. १९९७ च्या सिनेमात दिग्दर्शक पॉल व्हरहोवनने चिलखत काढून टाकलं आणि रायफल घेतलेली तरुण पोरं त्याच ग्रहावर उतरवली. पडद्यावर बातमी येते, एका तासात एक लाख मृत. पुष्कळांनी हे दृश्य 'चुकीचं युद्धतंत्र' म्हणून हसण्यावारी नेलं. माझ्या मते तो त्या सिनेमातला सर्वांत खरा भाग आहे.

खरा का, ते अर्नहेमला विचारा. सप्टेंबर १९४४, हॉलंड. ब्रिटिशांच्या पहिल्या हवाई डिव्हिजनला ऱ्हाइन नदीवरचा पूल घ्यायचा होता. उतरण्याची मैदानं पुलापासून दहा-बारा किलोमीटर लांब. विमानं पुरेशी नव्हती म्हणून फौज तीन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी आली. रेडिओ चालेनात. जवळपास दोन जर्मन चिलखती डिव्हिजन होत्या. युद्धात झिजलेल्या, पण हलक्या पायदळाला भारी पडतील इतक्या जिवंत. विमानांनी रसद टाकली ती बरीचशी जर्मनांच्या हातात पडली, कारण ठरलेली मैदानं तोवर त्यांच्याकडे गेली होती. जॉन फ्रॉस्टच्या हाताखालच्या सात-आठशे जणांनी पुलाचं उत्तर टोक चार दिवस धरून ठेवलं. जमिनीवरून येणारी कुमक पोहोचलीच नाही. सुमारे १०,००० माणसं गेली, परत आली सुमारे २,४००.

मला या गोष्टीतला एक माणूस विसरता येत नाही. ब्रायन अर्कहार्ट, गुप्तवार्ता अधिकारी. तिथे रणगाडे आहेत, असं त्याने वरिष्ठांना आधीच सांगितलं होतं. त्याला थकवा आलाय असं ठरवून आजारपणाच्या रजेवर पाठवण्यात आलं. मी वीस वर्षं वर्गात उभा आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला 'खाली बस' म्हणणं किती सोपं असतं ते मला ठाऊक आहे, कारण मीही कधी कधी तसं म्हटलंय.

आणि हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. ११-१२ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री आपल्या शांतिसेनेने जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवले. खाली एलटीटीई तयारीत होती. गोळीबार इतका की पुढच्या खेपा उतरूच शकल्या नाहीत. शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जवान तिथे एकटे पडले. एकोणतीस मारले गेले, एक पकडला गेला. त्याच मोहिमेतले पॅरा कमांडो बाहेर पडू शकले ते रणगाडे पोहोचल्यावर. तेच जडशीळ रणगाडे, ज्यांचं पुढच्या युद्धात काही काम नाही म्हणतात.

मग हवाई उडी कधीच यशस्वी होत नाही का? होते. ११ डिसेंबर १९७१ ला आपल्या दुसऱ्या पॅरा बटालियनने टांगाईलजवळ उडी घेतली आणि पुंगलीचा पूल धरला. आकाश आपलं होतं. त्या भागात मुक्तिवाहिनीचा जोर होता, म्हणजे खालची माणसंही आपली होती. आणि त्याच संध्याकाळी जमिनीवरून मराठा लाइट इन्फन्ट्री त्यांना येऊन मिळाली. त्याच संध्याकाळी! 'एलियन्स'मध्ये सतरा दिवस, अर्नहेममध्ये कधीच नाही, टांगाईलला काही तास. उडी मारणाऱ्यांच्या काळजात फरक नव्हता. फरक होता तो त्यांच्या मागे कोण चालत येतंय याचा.

म्हणून माझा आक्षेप धाडसाच्या गोष्टींना नाही. मला चीड आहे ती 'हिंमत असली की झालं' या वाक्याची. कारण त्याची दुसरी बाजू अशी की हरलात तर हिंमत कमी पडली. त्यात नकाशा काढणारा सुटतो, विमानं कमी देणारा सुटतो, इशारा देणाऱ्याला रजेवर पाठवणारा सुटतो, आणि मेलेल्याच्या छातीवर एक पदक चिकटवून आपण पुढची उडी ठरवायला मोकळे होतो. माझ्या वर्गातली दोन-तीन मुलं पहाटे उठून भरतीसाठी धावतात. उद्या कुणाच्या तरी हुकुमावर उडी मारायची वेळ त्यांच्यावर येणार आहे. शिक्षककक्षात बसून 'चार माणसं टाकली की खेळ खलास' म्हणणाऱ्यावर ती येणार नाही.

वह्या मी परत दिल्या. कुणाचे गुण कापले नाहीत. प्रत्येक वहीच्या शेवटी लाल पेनाने एवढंच लिहिलं: 'यांच्यामागून कोण येतंय? तो परिच्छेद लिहून आण.' परवा एका मुलाने आणला. त्याच्या गोष्टीत यानातून सगळ्यांत आधी जवान उतरले नाहीत. पाण्याच्या टाक्या, औषधं आणि दारूगोळा उतरला आणि त्यासाठी आधी एक धावपट्टी तयार केली गेली. झेंड्यापर्यंत गोष्ट पोहोचलीच नाही, वही संपली. मी त्याला पैकीच्या पैकी दिले.