स्वतःचा क्लाऊड उभारू, पण किल्ली कुणाकडे?

मागच्या महिन्यात आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत एका तरुण मित्राने प्रस्ताव मांडला. "आपली सगळी कागदपत्रं मोठ्या परदेशी कंपन्यांच्या फुकटच्या ड्राइव्हवर पडली आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज, समुपदेशनाच्या नोंदी, तलाक आणि पोटगीच्या केसेसचे कागद, सगळंच. ते तिथून काढू आणि आपला स्वतःचा क्लाऊड उभा करू." टाळ्या पडल्या. एक जण जुना सर्व्हर द्यायलाही तयार झाला. तेवढ्यात समुपदेशनाचं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या आपांनी विचारलं, "बेटा, त्या कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं.

आपांना हा प्रश्न का पडला, हे मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्या संस्थेत मदत करत होतो. पोटगीसाठी कोर्टात गेलेल्या एका बाईचे कागद तिथे ऑनलाइन फोल्डरमध्ये होते. 'ज्याच्याकडे लिंक असेल त्याला उघडेल' अशी सेटिंग होती. एका कार्यकर्त्याने वकिलाला पाठवायची लिंक चुकून एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तिने कुणालाच न सांगितलेला नवा पत्ता संध्याकाळपर्यंत सासरच्या लोकांकडे पोहोचला. मुलांना घेऊन तिला पुन्हा घर बदलावं लागलं. या प्रकारात हॅकर नव्हता, सरकार नव्हतं, कंपनीचाही दोष नव्हता. चूक आमची होती. आमचा स्वतःचा क्लाऊड असता तरी ती तशीच झाली असती.

म्हणून आधी शब्द नीट समजून घेऊ. क्लाऊड म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीत चालणारा कॉम्प्युटर, जो आपण इंटरनेटवरून वापरतो. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०११ मध्ये क्लाऊडची जी व्याख्या केली, तिच्यानुसार खासगी क्लाऊड म्हणजे फक्त एकाच संस्थेच्या वापरासाठी राखलेली यंत्रणा. ती संस्थेच्या मालकीची असू शकते किंवा दुसऱ्याची, आपल्या जागेत असू शकते किंवा बाहेर. म्हणजे 'खासगी' हा शब्द यंत्रणा कोण वापरतं एवढंच सांगतो. ती सुरक्षित आहे का, आतला मजकूर कोण वाचू शकतं, याबद्दल तो काहीच सांगत नाही. बंगला खासगी असला तरी त्याचं दार उघडं राहू शकतं.

तरीही आमच्या त्या मित्राची भीती खोटी नाही. २०२१ च्या जुलैमध्ये 'सुल्ली डील्स' आणि २०२२ च्या पहिल्याच दिवशी 'बुल्ली बाई' या ॲपवर मुस्लिम महिलांची छायाचित्रं लिलावाला मांडली गेली. आपली माहिती कुणाच्या तरी हातातलं हत्यार होऊ शकते, हे आपल्या पिढीने तेव्हा अनुभवलं. अमेरिकेच्या २०१८ च्या 'क्लाऊड ॲक्ट'मुळे तिथल्या कंपन्यांना, माहिती दुसऱ्या देशात साठवलेली असली तरी, ती तिथल्या तपास यंत्रणांना देण्याचा कायदेशीर आदेश होऊ शकतो. तेव्हा माहिती आपल्या ताब्यात असावी, ही इच्छा रास्तच आहे. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. त्या दोन्ही ॲपवरची छायाचित्रं महिलांच्या सोशल मीडियावरून उचललेली होती. कुठलाही खासगी क्लाऊड त्यांना वाचवू शकला नसता. धोका कुठून येतो हे न ओळखता कुलूप बदलून उपयोग नाही.

आता स्वतःची यंत्रणा असलेल्यांचे अनुभव पाहू. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'वर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रुग्णांची नोंदणी कित्येक दिवस हाताने करावी लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'ईएसएक्सआयआर्ग्स' नावाच्या रॅन्समवेअरने जगभरचे हजारो सर्व्हर बंद पाडले. खासगी क्लाऊड उभारायला सर्रास वापरलं जाणारं व्हीएमवेअर कंपनीचं सॉफ्टवेअर त्यांच्यावर चालत होतं. ज्या फटीतून हल्लेखोर घुसल्याचं तेव्हा सांगितलं गेलं, ती बुजवणारं अपडेट कंपनीने दोन वर्षं आधीच दिलेलं होतं. ते अनेकांनी टाकलंच नव्हतं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचा 'जी-ड्राइव्ह' जळून गेला. त्यात ८५८ टेराबाईट माहिती होती आणि तिची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती. एवढ्या श्रीमंत देशाच्या सरकारचं हे झालं, तर गल्लीतल्या कार्यालयात पंख्याखाली ठेवलेल्या आपल्या जुन्या सर्व्हरचं काय?

मोठ्या कंपन्यांकडे दिवसरात्र पहारा देणारी माणसं असतात. आपल्याकडे रविवारी वेळ मिळाला तर येणारा एक मित्र असतो. त्याला दुबईत नोकरी लागली की अपडेट थांबतात, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो आणि बॅकअप घेतला जातो का, हे कुणालाच ठाऊक नसतं.

यापेक्षाही अवघड प्रश्न त्या मित्राच्या हातातल्या अधिकाराचा आहे. सर्व्हर चालवणाऱ्याला साधारणपणे त्यावरचं सगळं दिसतं. 'डिस्क एन्क्रिप्ट केली आहे' असं आपण अभिमानाने सांगतो. पण यंत्र बंद असताना कुणी डिस्क चोरली तरच त्याचा उपयोग. यंत्र चालू असताना व्यवस्थापकासाठी ती उघडीच असते. नेक्स्टक्लाऊडसारखं चांगलं मुक्त सॉफ्टवेअर घेतलं, तरी सर्व्हरच्या बाजूने केलेलं एन्क्रिप्शन सर्व्हरच्या व्यवस्थापकापासून संरक्षण देत नाही. खरी गोपनीयता हवी असेल तर फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर कुलूपबंद करून मग वर पाठवावी लागते. क्रिप्टोमेटरसारखं मोफत साधन हे काम करतं. आणि असं कुलूप लावल्यावर फाइल कुणाच्या सर्व्हरवर आहे, हा प्रश्न पुष्कळ मवाळ होतो. किल्लीच नसेल तर परक्या कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही आणि आपल्या मित्रालाही नाही.

काही जण म्हणतील, "आपल्याच माणसांवर एवढा अविश्वास?" वस्ती लहान असते. सर्व्हर सांभाळणारा मुलगा आज ना उद्या एखाद्या केसमधल्या नवऱ्याचा मावसभाऊ निघतो. त्याच्यावर आळ येऊ नये म्हणून तरी किल्ली त्याच्या एकट्याकडे नको. आपल्या घराघरात 'अमानत' हा शब्द माहीत आहे. शेजारीण सोनं ठेवायला देते तेव्हा आपण तो डबा उघडून पाहत नाही. तिने मागितला की तसाच परत देतो. समुपदेशनाच्या टेबलावर बाई जे सांगते, ते सोन्याहून नाजूक असतं.

संविधानाची भाषाही वेगळी नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. हा हक्क आपण सरकारपुढे जोरात मांडतो, मांडलाच पाहिजे. पण आपल्या संस्थेच्या दारात आलेल्या बाईलाही तोच हक्क आहे, आणि तो पाळायची जबाबदारी आपली आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यानुसार माहिती गोळा करणाऱ्याची जबाबदारी, साठवणूक दुसऱ्याकडे दिली म्हणून संपत नाही. काम संपल्यावर माहिती पुसून टाकणं हेही कर्तव्य आहे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. याच कायद्याने सरकारी यंत्रणांना मोठ्या सवलती दिल्या आहेत, त्यावर टीका व्हायलाच हवी. मात्र ती टीका आपल्या बेफिकिरीसाठी सबब होऊ शकत नाही.

स्वतःच्या क्लाऊडचा एक खरा फायदा मी मान्य करतो. कायदा तिथेही लागू असतो, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली माहिती उलगडून देण्याचा आदेश होऊ शकतो. पण माहिती आपल्याकडे असेल तर मागणी आपल्याच दारात येते. तो आदेश वकिलाला दाखवता येतो, त्याची वैधता तपासता येते. मोठी संस्था असेल, पगारी तंत्रज्ञ असेल, तर एवढ्या कारणासाठीही खासगी क्लाऊड उभारावा.

आमच्यासारख्या लहान संस्थांना माझा सल्ला वेगळा आहे. सर्व्हर विकत घेण्याआधी कपाट रिकामं करा. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत पूर्ण आधार कार्ड कशाला हवं? फक्त शेवटचे चार अंक दाखवणारं मास्क्ड आधार बऱ्याच कामांना चालतं. निकाली निघालेल्या केसची कुठली नोंद किती वर्षं ठेवायची, हे लिहून ठरवा आणि मुदत संपली की पुसा. 'लिंक असेल त्याला उघडेल' ही सेटिंग आजच बंद करा. प्रत्येक खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. संस्था सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी काढा. नाजूक फाइलींना वेगळं कुलूप लावा आणि त्याची किल्ली दोन जबाबदार माणसांकडे द्या, त्यात एक तरी समुपदेशन करणारी बाई असू द्या. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या जागी. वर्षातून दोनदा बॅकअपमधून फाइल खरोखर परत मिळते का, ते करून बघा. हे सगळं वर्षभर जमलं, सांभाळणारी दोन माणसं आणि पुढच्या तीन वर्षांचा पैसा हाताशी असला, तर मग स्वतःच्या क्लाऊडचा विचार करा.

आमच्या बैठकीत शेवटी सर्व्हरचा प्रस्ताव पुढे ढकलला आणि आधी यादी केली. कुणाला काय उघडता येतं, याची. त्या यादीत संस्था कधीच सोडून गेलेल्यांची नावं होती. ज्यांची मुलं आता नोकरीला लागली, त्यांचे उत्पन्नाचे दाखले होते. दोन रविवार आम्ही फक्त पुसत बसलो. प्रस्ताव मांडणारा मित्र सुरुवातीला हिरमुसला होता. तिसऱ्या रविवारी त्यानेच आपांना कुलूप कसं लावायचं ते शिकवलं. आपांनी पासवर्ड टाकताना त्याला तोंड दुसरीकडे फिरवायला सांगितलं, आणि त्याने ते फिरवलं.